चौथा शब्द

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावर टांगलेला असताना प्रभू सात वेळा बोलला, असं चार शुभवर्तमानं एकत्र ठेवून जुळवलेलं आहे. त्या बोलण्यांना आम्ही सात शब्द म्हणतो. खरं तर बहुतेक वाक्यंच आहेत, पण आमच्यात कुणी ‘सात वाक्यं’ म्हणत नाही. प्रत्येक शब्दावर मंडळीतलं एक माणूस उभं राहून बोलतं आणि मधे गीत होतं. तीनपर्यंत कुणी काही खात नाही. बायका पांढऱ्या साड्या नेसून येतात. एप्रिलच्या त्या उन्हात पंखे गरम हवाच खाली ढकलत असतात.

बाकीच्या चर्चमध्ये कोणी कोणता शब्द बोलायचा ते पाळक ठरवतात. आमच्याकडे चिठ्ठ्या काढतात. त्याआधीच्या उपवासकाळातल्या एका रविवारी दानाची मखमली थैली रिकामी करून तिच्यात सात चिठ्ठ्या टाकायच्या, प्रार्थना करायची आणि त्या वर्षी ज्या गल्लीचा मान असेल तिथल्या सात जणांनी पुढे येऊन एकेक उचलायची. प्रार्थनेत पाळक नेहमी एक सांगतात, की ज्याला जो शब्द मिळेल तो देवाच्या इच्छेनं मिळेल.

त्या वर्षी आमची गल्ली होती. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा मला नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं, म्हणून उठले आणि थैलीत हात घातला. चिठ्ठीवर ‘चौथा’ लिहिलं होतं.

चौथा म्हणजे देवाला, तू मला का सोडलंस, असं विचारणारा शब्द.

माझा मुलगा त्याच्या आधीच्या पावसाळ्याच्या शेवटी गेला होता. एकुलता एक. डिप्लोमा करून नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये मशीनवर काम करायचा. संध्याकाळी घरी आला की त्याच्या शर्टाला मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा वास यायचा. तो वास साबणानं जात नसे. आधी नुसता ताप येत होता, मग अंगावर काळेनिळे डाग उठायला लागले, मग रक्ताची तपासणी आणि पुण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. रक्ताचा कॅन्सर आहे, हे डॉक्टरांनी आम्हाला सांगण्याआधी तो मोबाईलवर वाचून बसला होता.

त्याला उपदेशाचा कंटाळा होता, गाण्याचा नव्हता. गळा मात्र अजिबात नव्हता. गीताच्या वेळी तो इतक्या मोकळेपणानं बेसूर गायचा की पुढच्या बाकावरच्या मुली मागे वळून बघत. मी कोपर मारलं तर म्हणायचा, “आई, देवानं दिलाय तसा परत करतोय.”

आजार वाढला तशी घरी प्रार्थनेला येणारी माणसं वाढली. त्यांच्या पुढे असत आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या बाई. नवऱ्यामागे त्यांनी पिठाची गिरणी चालवली, दोन मुली उजवल्या, आणि हे सगळं प्रार्थनेच्या जोरावर झालं यावर त्यांचा पक्का विश्वास. केसांच्या मुळाशी पीठ तसंच घेऊन त्या यायच्या, मुलाच्या डोक्यावर हात ठेवायच्या आणि मोठ्यानं प्रार्थना करायच्या. तो बरा व्हावा असं त्या मागत नसत. तो बरा झाल्याबद्दल आभार मानत असत. एकदा त्या ओघात असताना मुलानं डोळे मिटूनच मला जवळ बोलावलं आणि कानात म्हणाला, “आई, चहा टाक ना. चहा आला की आवरतं घेतात.”

मी चहा टाकायला आत गेले आणि ओट्यापाशी हसू आवरत उभी राहिले. थोड्या वेळानं गिरणीवाल्या बाई आत आल्या. माझा चेहरा पाहून त्यांना वाटलं मी रडते आहे. पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, “बाई, राग मानू नका. पण घरात एकाच्या जरी मनात शंका असली ना, तरी आशीर्वाद उंबऱ्याशी अडतो.”

मी राग मानला नाही. मी विचार करत बसले, आणि ते जास्त वाईट होतं. कारण शंका होती, आणि ती माझ्या मनात होती. मी वाचणारी बाई. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, हातात येईल तो कागद वाचायची सवय. रक्ताच्या रिपोर्टमधले आकडे मला कळायला लागले होते. ओठांनी मी आमेन म्हणत असे आणि डोक्यात आकड्यांची उतरण चालू असे.

शेवटच्या दिवसांत त्याला गिळता येत नव्हतं. पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा त्याच्या ओठांना लावायचा, एवढंच काम मला उरलं होतं. तेही तो कधीकधी मान वळवून नको म्हणायचा. एका दुपारी गेला. मंडळी आली, गीतं झाली, पाळकांनी पुनरुत्थानाची वचनं वाचली. खड्ड्यात माती टाकताना माझ्या नवऱ्यानं हात झटकले ते असे, की जणू एक व्यवहार संपला.

ते पारनेरकडच्या गावातले. आजोबांच्या वेळी घर ख्रिस्ती झालं. माझ्याशी लग्न होऊन चाळीस वर्षं नगर शहरात काढली तरी भाषा गावाकडचीच राहिली. मातीनंतरच्या रविवारी मी चर्चला निघाले तर ते खाटेवर बसून होते. मी नुसतं पाहिलं. ते म्हणाले, “तू जा. मी न्हाई येत. लई मागितलं, न्हाई दिलं. आता मी त्याला तरास देत न्हाई, त्यानं मला देऊ नये.”

तेव्हापासून मी एकटी जात होते. का जात होते, हे मला सांगता आलं नसतं. रविवारी पायांना तो रस्ता ठाऊक होता. आत बसलं की गीताच्या वेळी डाव्या बाजूनं, जिथं तो बसायचा तिथून, काही ऐकू येत नसे. सगळे सुरात गात. घरी येऊन मी पुस्तक उघडायची आणि एकाच पानावर बसून राहायची. हे सगळं फार दिवस चालणार नाही, असं मला आतून वाटत होतं. सवय संपली की मीही थांबणार होते.

अशात ती चिठ्ठी निघाली, आणि मला बरं वाटलं, हे खरं सांगते. इतक्या महिन्यांत चर्चमध्ये उच्चारल्या गेलेल्या वाक्यांपैकी तेवढं एकच मी जीभ न अडखळता म्हणू शकले असते.

पुढच्या आठवड्यात दुपारी पाळकसाहेब आणि पाळकीणबाई घरी आले. साहेब तरुण आहेत, मनानं फार चांगले. माझ्या मुलाच्या आजारात पुण्याला दोनदा स्वतःची गाडी घेऊन आले होते. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी बराच वेळ उन्हाबद्दल बोलून घेतलं. मग म्हणाले, “बाई, कमिटीत आम्ही जरा विचार केला. चौथा शब्द जड आहे. म्हणजे सगळ्यांनाच जड जातो. तुम्हाला आता... तुमची हरकत नसेल तर तुम्ही तिसरा घ्या.”

तिसरा शब्द आईचा. वधस्तंभाखाली उभ्या असलेल्या आपल्या आईला तो शिष्याकडे सोपवतो. हा तुझा मुलगा, असं तिला सांगतो.

“तिसरा कुणाकडे निघालाय?” मी विचारलं.

“बँकेतले काका. ते आनंदानं बदलून देतो म्हणाले.”

“आनंदानं?”

“म्हणजे, हरकत नाही म्हणाले.” साहेबांनी रुमाल काढला. “आईचं दुःख तुमच्याइतकं कोण सांगणार बाई? आणि त्यात आधारही आहे. प्रभू तिला एकटी सोडत नाही. मुलगा देतो.”

त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर त्यात खोट काहीच नव्हती. कमिटीतल्या सगळ्या भल्या माणसांनी बसून, डोकं लावून, माझ्यासाठी सातांतला सगळ्यात मऊ शब्द निवडला होता. मुलगा गेल्यापासून जो तो मला हेच सांगत होता, की आम्ही सगळी तुमचीच मुलं. सांगणारी मुलं चांगली होती. भाजी आणून देत, गॅस सिलिंडर आत ठेवत. पण त्या आईनं त्या क्षणी त्या शिष्याकडे पाहिलं असेल तेव्हा तिला काय वाटलं असेल, हे कुठल्याच शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. मला ठाऊक होतं काय वाटलं असेल.

“साहेब,” मी म्हणाले, “तिथं एका मुलाच्या जागी दुसरा मुलगा दिलाय. मला नको आहे.”

तेवढ्यात आतल्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला. ते झोपलेत असं आम्हाला वाटत होतं. “साहेब, चिट्ठीत देवाची इच्छा असती म्हनता ना?”

“हो, काका.”

“आन् मग कमिटी ती बदलती व्हय?”

साहेबांचा चेहरा लाल झाला. पाळकीणबाईंनी कपातल्या चहाकडे बघत ओठ दाबले. हसू होतं की काय, कळलं नाही. मग त्याच हळू म्हणाल्या, “राहू द्या हो. बाईंना जे निघालंय तेच राहू द्या.”

साहेब उठले. दारात चपला घालताना मात्र त्यांना राहवलं नाही. “बाई, शेवटी आशेवर आणाल ना? लोक उपाशी असतात, थकलेले असतात. घरी जाताना काहीतरी...”

“माझ्यानंतर तीन शब्द आहेत साहेब,” मी म्हणाले. “आशेचं ते बघतील.”

ते गेल्यावर मी नवऱ्याला सांगितलं की मी चौथा शब्द बोलेन आणि त्यानंतर चर्चला जाणार नाही. हे मी ठरवून बोलले नव्हते, बोलल्यावर कळलं की ठरलेलं आहे. त्यांनी कुशीवर वळून माझ्याकडे पाहिलं. “शब्द झाला की लगेच निघ मंग. पाचव्याच्या आत फाटकाशी ये. मी स्कूटर घिऊन थांबतो. उन्हात चालू नको उपाशीपोटी.”

बोलण्याची तयारी मी माझ्या पद्धतीनं केली. भाष्यं काढली, जुनी नवी भाषांतरं शेजारी शेजारी ठेवून वाचली. मला एक गोष्ट शोधायची होती. त्याच्या त्या प्रश्नाला उत्तर मिळालं का? बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून वाणी झाली होती, डोंगरावर झाली होती. इथं काहीच नाही. अंधार आहे, आरोळी आहे, आणि वरून एक अक्षर नाही. मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला एक कडू समाधान झालं. मंडळीत मला हेच सांगायचं होतं. ज्याच्या विश्वासात खोट काढायची कुणाची प्राज्ञा नाही त्यानंही विचारलं, आणि त्यालाही उत्तर आलं नाही. तेव्हा उंबऱ्याशी काय अडतं आणि का, हे कुणी कुणाच्या स्वयंपाकघरात येऊन सांगू नये. हे शेवटचं वाक्य मी लिहून काढलं होतं आणि मला ते आवडलंही होतं.

पण त्याच ओळींत एक माणूस होता, आणि तो मला त्रास देत राहिला. आरोळी ऐकून गर्दीतला कुणीतरी धावतो, स्पंज आंबेत भिजवतो, बोरूच्या टोकाला लावतो आणि वर त्याच्या तोंडाशी धरतो. आंब म्हणजे शिपायांचं आंबट पेय. त्या गर्दीला तो काय ओरडला हे नीट समजलेलंही नव्हतं. धावणाऱ्याला तरी समजलं होतं का, कोण जाणे. त्याच्या हातात उत्तर नव्हतं. जे जवळ होतं, आंबट, चुकीचं, ते घेऊन तो धावला. बाकीचे म्हणत होते, थांब, काय होतं ते बघू. तो थांबला नाही.

मला तो माणूस नको होता. तो आला की माझं लिहिलेलं वाक्य लंगडं पडत होतं. मी तो परिच्छेद दोनदा खोडला. कारण तो धावणारा कोण कोण होता, हे मला नको असताना दिसत होतं. पुण्याला गाडी घेऊन येणारा होता. सिलिंडर आत ठेवणारी मुलं होती. आणि केसांत पीठ घेऊन रोज संध्याकाळी येणारी ती बाई होती. मातीनंतर पुढे कितीतरी दिवस तिच्याच घरचा डबा आमच्या ओट्यावर येत होता, आणि मी तिच्याशी धड बोलतही नव्हते.

शुक्रवारी सातही बोलणारे पुढच्या बाकावर ओळीनं बसलो. शब्दांच्या क्रमानं बसायचं असतं. त्यामुळे माझ्या डावीकडे बँकेतले काका होते, उजवीकडे गिरणीवाल्या बाई. त्यांना पाचवा निघाला होता, तहानेचा. साडी कडक इस्त्रीची, केस धुतलेले, आणि हातात चार घड्यांचा कागद इतका घट्ट की तो ओला झाला होता.

काका तिसऱ्या शब्दावर छान बोलले. त्यांनी स्वतःच्या आईची आठवण सांगितली. गीत झालं. मी उठले.

मी काय बोलले ते सगळं मला आठवत नाही. मुलाचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही मागितलं होतं आणि मिळालं नाही, एवढं सांगितलं. त्या तिसऱ्या प्रहरी वरून काही उत्तर आलं असं लिहिलेलं नाही, हेही सांगितलं, आणि पाळकसाहेबांची नजर माझ्यावरून हलली नाही. मग ते वाक्य आलं, उंबऱ्याचं. कागदावर ते समोर होतं. मी ते वाचलं नाही. दया आली म्हणून नव्हे. समोर बसलेल्या बाईच्या हातातला तो ओला कागद दिसत होता, आणि एवढ्या जवळून ते वाक्य मारता आलं नाही. त्याऐवजी मी धावणाऱ्या माणसाबद्दल दोन ओळी बोलले, त्याही नीट बोलले नाही. म्हणाले की तो उत्तर घेऊन आला नव्हता, पण आला होता, आणि त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. एवढं बोलून मी खाली बसले. आशेवर आणलं नाही.

पेटी वाजायला उशीर झाला. पेटीवाल्यांना वाटलं मी अजून बोलणार आहे.

आता मी उठून निघायचं होतं. पण गीत संपता संपता गिरणीवाल्या बाई उभ्या राहिल्या आणि त्यांच्या समोरून गेल्याशिवाय मला बाहेर पडता येत नव्हतं. म्हणून थांबले. त्यांनी कागद उलगडला आणि वाचायला लागल्या. भाषण फार लांब होतं. त्यात येशूनं जिच्याकडे पाणी मागितलं ती विहिरीवरची शोमरोनी बाई होती, मग आमच्या गल्लीत उन्हाळ्यात नळाला येणारं पाणी होतं, मग टँकर, मग टँकरवरची भांडणं, आणि भांडणात कोण कुणाला काय बोललं तेही. मागे कुणीतरी दबक्या आवाजात हसलं. मला राग येत होता, कंटाळा येत होता. माझा मुलगा असता तर त्यानं कानात काय म्हटलं असतं ते मला स्वच्छ ऐकू आलं.

एकदाच्या त्या आल्या आणि माझ्याशेजारी धपकन बसल्या. गीत सुरू झालं होतं. माझ्याकडे न बघता त्या पुटपुटल्या, “बरं झालं का हो, बाई?”

“लांबलं जरा,” मी म्हणाले.

“व्हय. मलाबी वाटलं.” मग त्या म्हणाल्या, “तुमच्यानंतर बोलायचं म्हंजी... काय बोलनार माणूस.” आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

मी उठले नाही. त्यामागे मोठा विचार नव्हता. पण सहावा शब्द सुरू असताना मला पहिल्यांदाच जाणवलं की चौथा सातांच्या बरोबर मधे येतो. त्याच्या आधी तीन आहेत आणि नंतर तीन. ज्यांनी हा क्रम लावला त्यांना तो गाळता आला असता, सातांऐवजी सहा ठेवता आले असते, कुणाला कळलंही नसतं. त्यांनी तो ठेवला, आणि शेवटी ठेवला नाही. एका प्रश्नासाठी दर वर्षी या लोकांमध्ये एक जागा आणि एक माणूस राखून ठेवलेला असतो, आणि तो विचारून झाल्यावर त्या माणसानं बाहेर जायचं असतं असं कुठं म्हटलेलं नाही. यानं माझं दुःख हलकं झालं नाही. ते आजही तेवढंच आहे. पण त्या दुःखाला घेऊन बसायला मला घराशिवाय दुसरी एक जागा आहे, हे मला त्या बाकावर कळलं. मी याला आशा म्हणते. दुसऱ्या कुणाला हा शब्द मोठा वाटेल.

सातवा शब्द संपला. सगळे गुडघ्यांवर आले. मौन झाल्यावर मी वळून पाहिलं तर अगदी मागच्या बाकावर, दाराजवळ, नवरा बसलेला होता. मांडीवर हेल्मेट. आमच्या मुलाचं होतं ते. त्यांना डोक्याला घट्ट बसतं, तरी तेच घालतात. ते प्रार्थना करत नव्हते. समोर बघत होते, सरकारी कार्यालयात आपला नंबर यायची वाट बघणारा माणूस बघतो तसे.

आम्ही बाहेर आलो. स्कूटरचं सीट चटके देत होतं. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून माझ्यासाठी त्यावर अंथरला.

“मी येत नाही असं बघून आत आलात?” मी विचारलं.

“ऊन लई हुतं भाईर,” ते म्हणाले.

आणि स्कूटरला किक मारली. ती पहिल्या किकेत सुरू झाली नाही, दुसऱ्याही नाही. मी शेजारी उभी राहिले.